मोर्स, लुईस आणि कॉलेजचा दिंडी दरवाजा

माजघर
(शेवट उघड केला आहे. ज्यांना मालिका पाहायची आहे त्यांनी आधी पाहून घ्या, मग या.)

'इन्स्पेक्टर मोर्स' या ऑक्सफर्डमधल्या पोलीस तपासाच्या मालिकेचा पहिला भाग ब्रिटनच्या आयटीव्हीवर जानेवारी १९८७ मध्ये लागला, शेवटचा नोव्हेंबर २००० मध्ये. एवढ्या वर्षांत भाग फक्त ३३, पण एकेक भाग सिनेमाएवढा लांब. यंदाच्या पावसाळ्यात मी ते सगळे ओळीने पाहिले. कामं आटोपली की रात्री दहाला बसायचं, रोज अर्धा भाग. खुनी कोण हे निम्म्या भागांत आता आठवतही नाही. डोक्यातून जात नाही तो एक दरवाजा.

माझं बालपण सदाशिव पेठेतल्या वाड्यात गेलं. मोठा दरवाजा कायम बंद. त्यातला छोटा दिंडी दरवाजा तेवढा उघडा, त्यातून वाकून आत यायचं. आत आलं की डाव्या हाताला देवडी, पुढे चौक. ऑक्सफर्डची कॉलेजं अगदी अशीच आहेत हे मला मोर्सने दाखवलं. बंद लाकडी दरवाजा, त्यात छोटं दार, दाराशी पोर्टरची, म्हणजे दरवानाची देवडी, पुढे चौक आणि चौकात दृष्ट लागावी असं हिरवंगार गवत. जवळजवळ प्रत्येक भागात मोर्स त्या छोट्या दारातून आत येतो. डोक्यावर काळी गोल टोपी घातलेला पोर्टर विचारतो, आपण कोण, कोणाला भेटायचंय. मोर्स ओळखपत्र पुढे करतो.

आणि हा माणूस एकेकाळी इथलाच विद्यार्थी! सेंट जॉन्स कॉलेजात शिष्यवृत्तीवर आलेला, ग्रीक-लॅटिन शिकणारा. प्रेमात पडला, ते प्रेम मोडलं, अभ्यास सुटला आणि पदवी न घेताच बाहेर पडला. पुढे पोलिसात गेला. गावं तर किती होती, पण हा नोकरीला राहिला त्याच शहरात. ज्या दारातून मान खाली घालून निघाला, त्याच दारातून तीस वर्षं आत जातोय, दर वेळी कुणाच्या तरी मरणाचं निमित्त धरून.

मला वाटतं सगळी मालिका या दारापाशी उभी आहे. तुम्हाला काय वाटतं?

कृष्णाकाठ
माजघरताई, फार मनापासून लिहिलंय. मी चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, आता निवृत्त आहे. कॉलिन डेक्स्टर यांच्या मोर्सवरच्या तेराही कादंबऱ्या वाचल्या आहेत. पहिली १९७५ ची, शेवटची १९९९ ची.

तुमच्या दाराला एक जोड देतो. डेक्स्टर स्वतः केंब्रिजचे, ऑक्सफर्डचे नव्हेतच. शाळेत ग्रीक-लॅटिन शिकवायचे. ऐकू येईनासं झालं तेव्हा वर्गात उभं राहणं अशक्य झालं आणि १९६६ मध्ये ते ऑक्सफर्डला आले, विद्यापीठाच्या स्थानिक परीक्षा मंडळाच्या कचेरीत. नोकरी विद्यापीठाची, पण कॉलेजातल्या प्राध्यापकाची नव्हे. वर्ग सुटण्याचं दुःख काय असतं ते मला ठाऊक आहे. माझा सुटला वयामुळे, त्यांचा ऐन पस्तिशीत. मोर्सचं आतही नसणं आणि बाहेरही नसणं त्या खुर्चीतून लिहिलं गेलंय असं मला नेहमी वाटतं.

दुसरं, हाउसमन. शेवटच्या कादंबरीचं शीर्षक ए. ई. हाउसमनच्या कवितेतून घेतलं आहे. हा कवी सेंट जॉन्सचाच, आणि १८८१ मध्ये तोही अंतिम परीक्षेत नापास झाला होता. पुढे कचेरीत कारकुनी करता करता एवढा मोठा लॅटिन पंडित झाला की त्याला केंब्रिजने प्राध्यापक केलं. मोर्सला डेक्स्टरनी कॉलेजही तेच दिलं आणि अपयशही तेच. शेवटच्या भागात नदीकाठच्या पबबाहेर, सूर्य बुडताना, मोर्स त्याच्या हाताखालच्या सार्जंट लुईसला त्या कवितेच्या ओळी म्हणून दाखवतो. लुईसला कविता किती कळते हा प्रश्नच नाही. तो ऐकतो.

उत्तरवारा
मी ऑक्सफर्डला तीन वर्षं एका प्रयोगशाळेत काम केलं, म्हणून या दाराबद्दल थोडं.

बाहेरच्या माणसाला कॉलेज दिसतच नाही. रस्त्यावर दिसते फक्त भिंत. पिवळसर मधाळ रंगाचा दगड, लांबच लांब. चालता चालता एखादं दार उघडं दिसतं, क्षणभर आतलं हिरवं दिसतं, की लगेच पाटी: पाहुण्यांना प्रवेश बंद. पहिल्या हिवाळ्यात रोज संध्याकाळी चारलाच अंधार व्हायचा. आतल्या खिडक्यांत पिवळे दिवे लागायचे आणि मी सायकल हातात धरून ओल्या फरसबंदीवरून घरी जायचो. माझा पगार विद्यापीठच द्यायचं, पण मी कुठल्याच कॉलेजचा नव्हतो. दुसऱ्या वर्षी एका स्नेह्याने जेवायला आत नेलं. त्या दिवशी पोर्टरने हसून 'गुड इव्हनिंग, सर' म्हटलं आणि मला रडू यायच्या बेतात आलं. मोर्सचा चेहरा मला त्या दिवसापासून कळतो.

आणि हे गाव नुसतं कॉलेजांचं नाही. पूर्वेला काउली आहे, तिथे १९१३ पासून मोटारी बनतात. हजारो कामगारांची घरं तिथे. गाव आणि विद्यापीठ यांचं वैर तर फार जुनं. १० फेब्रुवारी १३५५ ला कारफॅक्स चौकातल्या एका दारूच्या गुत्त्यात विद्यार्थ्यांनी वाइन वाईट आहे म्हणून भांडण काढलं. त्यातून दंगल पेटली आणि ६३ विद्यार्थी व सुमारे ३० गावकरी मेले. शिक्षा झाली गावाला. दरवर्षी त्या दिवशी नगराध्यक्षाने मेलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक पेनी विद्यापीठाला भरायची. हे थेट १८२५ पर्यंत चाललं! पावणेपाचशे वर्षं!

उत्तर ऑक्सफर्डमध्ये १९३४ साली एका बिल्डरने खाजगी घरांच्या वस्तीतून नगरपालिकेच्या चाळकऱ्यांनी जाऊ नये म्हणून रस्त्यात चक्क आडव्या भिंती बांधल्या, दोन मीटरहून उंच, वर लोखंडी खिळे. त्या १९५९ मध्ये पाडल्या. मोर्स राहतो उत्तर ऑक्सफर्डमध्येच. अशा गावात पोलीस म्हणून फिरायचं म्हणजे दोन्ही बाजूंचं ऐकून घ्यायचं.

माजघर
उत्तरवारा, पेनीची गोष्ट मला अजिबात माहीत नव्हती. ज्या भागांत मोर्सच्या बोलण्यावर एखादा प्राध्यापक हलकेच हसतो, तिथे आता वेगळंच दिसेल.

रातराणी
माझं मत जरा वेगळं आहे. दारावर एवढं बोलताना लुईस मागे पडतोय.

मोर्स म्हणजे जॉन थॉ, थोर नट, त्यात वादच नाही. पण केव्हिन व्हेटलीने लुईस जो उभा केलाय तो बघा. कादंबऱ्यांत लुईस वेल्सचा आणि मोर्सहून वयाने मोठा होता. मालिकेत त्याला उत्तरेकडच्या न्यूकॅसल भागातला, तरुण, बायको-मुलांचा केला. यात सगळं नातं बदललं. मोर्स त्याचं व्याकरण सुधारतो, पबमध्ये बिल त्याला भरायला लावतो, रात्री-अपरात्री घरून बोलावून घेतो. लुईसच्या घरी जेवण थंड होतंय, आणि हा मात्र वाग्नरचा ऑपेरा ऐकत बसलाय. मी रुग्णालयात परिचारिका आहे. माझ्या पहिल्या वॉर्डात अशाच एक वरिष्ठ बाई होत्या. कामात देवमाणूस, बोलण्यात सुरी. त्यांच्यामागे ट्रे घेऊन धावताना मी जे शिकले ते कुठल्या पुस्तकात नव्हतं, आणि त्या काळात मी रोज घरी येऊन रडायचे हेही तेवढंच खरं. म्हणून लुईस मला आतून कळतो.

मोर्सला प्रेत बघवत नाही, तो तोंड फिरवतो. उंचीची भीती वाटते. तर्क भन्नाट, पण पहिला तर्क पुष्कळदा चुकलेला. अशा वेळी लुईस कुठलीतरी साधी गोष्ट बोलतो, बसचं वेळापत्रक, बायकोने सांगितलेलं काहीतरी, आणि मोर्सच्या डोक्यात दिवा लागतो. तो दरवाजा लुईसमुळे उघडतो, ताई. पोर्टर, सफाईवाल्या बायका, स्वयंपाकघरातली माणसं लुईसशी मोकळं बोलतात. मोर्सशी प्राध्यापकही नीट बोलत नाहीत!

माजघर
रातराणी, हे मान्य. मी दाराकडे मोर्सच्या बाजूनेच बघत राहिले. देवडीतल्या माणसाकडे बघायचं राहून गेलं.

पंचम
मी संगीतासाठी ही मालिका परत परत बघतो. बॅरिंग्टन फेलुंग यांचं शीर्षकसंगीत ज्यांनी नुसतं 'पार्श्वसंगीत' म्हणून ऐकलंय त्यांनी कान देऊन ऐका. सुरुवातीलाच एक सूर तुटक तुटक वाजत राहतो. ती तारायंत्राची मोर्स लिपी आहे, आणि त्यात M-O-R-S-E हे नाव वाजतंय (रोमन अक्षरांबद्दल क्षमस्व, आता देवनागरीत सांगतो: एम, ओ, आर, एस, ई). आपल्या वृत्तांच्या भाषेत बसवून बघितलं तर फार सुंदर बसतं. लांब सूर म्हणजे गुरू, तुटका म्हणजे लघू. एम म्हणजे दोन गुरू. ओ म्हणजे गागागा, आपला मगण. आर म्हणजे लगाल, जगण. एस म्हणजे ललल, नगण. आणि ई म्हणजे एकच लघू. 'यमाताराजभानसलगं' शाळेत पाठ केलं होतं, ते चाळीस वर्षांनी असं उपयोगी पडलं. जड पावलांनी सुरू होणारं आणि एका लघूवर विरून जाणारं नाव. माणूसही तसाच आहे.

काही भागांत फेलुंग यांनी खुन्याचं नावसुद्धा या लिपीत संगीतात पेरलं होतं, आणि कधी मुद्दाम चुकीचं नाव पेरून फसवलंही. २०१९ मध्ये ते गेले.

शब्दवेडा
पंचमदा, जगण-नगण वाचून मी खुर्चीतून उठलो! मी तीस वर्षं रोज सकाळी चहाबरोबर शब्दकोडं सोडवणारा माणूस. डेक्स्टर तर कोडी सोडवण्यात देशपातळीवर नाव असलेले. मोर्स हे नाव त्यांनी घेतलं जेरेमी मोर्स यांच्यावरून. ते लॉइड्स बँकेचे अध्यक्ष होते आणि कोडी सोडवण्यातले अव्वल. लुईस हे नावही कोड्यांच्या स्पर्धेत टोपणनावाने भाग घेणाऱ्या एकाचंच.

मोर्सचं पाळण्यातलं नाव काय, हे वर्षानुवर्षं कुणाला कळू दिलं नव्हतं. कुणी विचारलं की 'मोर्स, फक्त मोर्स.' शेवटी मालिकेत १९९७ च्या भागात तो ते कोड्यातूनच सांगतो. सूत्र असं: माझ्या सगळ्या आयुष्याची धडपड 'अराउंड ईव्ह' फिरत राहिली. म्हणजे एका स्त्रीभोवती. पण 'अराउंड ईव्ह'ची नऊ रोमन अक्षरं उलटसुलट जुळवली की 'एन्डेव्हर' तयार होतं, आणि एन्डेव्हर म्हणजेच धडपड! आई क्वेकर पंथाची, त्यांच्यात सद्गुणांची नावं ठेवायची पद्धत. वडिलांना कॅप्टन कुकचं भारी कौतुक, आणि कुकच्या जहाजाचं नाव एन्डेव्हर. एका ओळीत व्याख्या, अक्षरांचा खेळ आणि माणसाची सगळी हकिकत. चांगलं कोडं सुटतं तेव्हा छातीत जे होतं, ते त्या रात्री मला झालं.

सायंतारा
मी 'एन्डेव्हर' या नंतर आलेल्या मालिकेपासून उलटी सुरुवात केली. २०१२ ते २०२३, ३६ भाग, शॉन एव्हन्स तरुण मोर्स. काळ १९६५ ते १९७२. मला तर हीच सगळ्यात जवळची. कारण रॉजर अ‍ॅलमचा फ्रेड थर्सडे. महायुद्धात लढून आलेला, डोक्यावर हॅट, तोंडात पाइप. बायको रोज डब्यात सँडविच देते आणि आत काय भरायचं त्याचा वार ठरलेला. डबा उघडायच्या आधीच मोर्स आत काय ते सांगून टाकतो, आणि थर्सडेला ते आवडत नाही! असा घरचा डबा मोर्सला आयुष्यात कुणी दिला नाही, हे त्या खेळात न बोलता कळतं.

खरा इतिहासही त्यात छान विणलाय. १९६८ मध्ये ऑक्सफर्डचं शहर पोलीस दल मोडून थेम्स व्हॅली पोलीस दलात विलीन झालं, आणि मालिकेत त्या बदलाने ठाणंच बंद होतं. माणसं पांगतात. सरकारी खात्यात विलीनीकरण झालेलं ज्यांनी भोगलंय त्यांना ते भाग बघवणार नाहीत.

आणि पहिल्या भागाचा शेवट! थर्सडे गाडी चालवायला मोर्सला देतो आणि विचारतो, वीस वर्षांनी कुठे असशील? मोर्स आरशात बघतो, आणि आरशात डोळे जॉन थॉचे. मागे ते शीर्षकसंगीत. थॉ २००२ मध्ये ६० व्या वर्षी गेले होते. त्यांची मुलगी अ‍ॅबिगेल या मालिकेत वर्तमानपत्राची संपादक आहे, नाव डी. फ्रेझिल. 'थॉ' म्हणजे बर्फ वितळणं, आणि फ्रेझिल हा बर्फाचाच प्रकार. 'डी-फ्रेझिल' असं सलग वाचा: बर्फ घालवणं, म्हणजेच थॉ!

शब्दवेडा
सायंतारा, हे माझ्या नजरेतून सुटलं होतं! तीस वर्षांची साधना, आणि हे सुटलं. धन्यवाद.

कृष्णाकाठ
मधली मालिका 'लुईस' (२००६ ते २०१५) तिच्याबद्दल कुणी बोललं नाही. तीही ३३ भागांची. त्यात उतरंड उलटी केली आहे. आता लुईस इन्स्पेक्टर, बायको अपघातात गेलेली, आणि हाताखाली हॅथवे नावाचा सार्जंट. तो केंब्रिजचा, धर्मशास्त्र शिकलेला, पाद्री व्हायला निघून परतलेला. दाराच्या आतली भाषा आता कनिष्ठाला येते आणि साहेब बाहेरचा. मोर्सच्या खोचक शिकवणुकीत तयार झालेला लुईस हॅथवेला मात्र कधी टोचत नाही. लेखन सगळीकडे सारखं नाही, काही भाग ओढूनताणून जुळवले आहेत. ही दोन माणसं मात्र खरी आहेत.

माजघर
दारावर बोलतोय तर नाशिकची एक बाई आठवल्याशिवाय राहवत नाही. कॉर्नेलिया सोराबजी, जन्म १८६६, नाशिक. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अव्वल आल्या. विलायतेच्या सरकारी शिष्यवृत्तीवर त्यांचा हक्क होता, पण बाई म्हणून ती नाकारली. लोकांनी वर्गणी केली आणि त्या १८८९ मध्ये ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलला पोचल्या. १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा दिली, ती देणारी पहिली स्त्री. पदवी कधी मिळाली? १९२२ मध्ये! ऑक्सफर्डने बायकांना पदव्या द्यायलाच १९२० मध्ये सुरुवात केली. परीक्षा देऊन तीस वर्षं ही बाई पदवीच्या दाराबाहेर उभी होती.

मालिकेत विदुषी बायका पुष्कळ येतात. मोर्स त्यांच्यापैकी निम्म्यांच्या प्रेमात पडतो, आणि त्यांतली एखादी खुनी निघते किंवा मरते. हे मला खटकतं. त्यांच्या विद्वत्तेचं शेवटी काय होतं ते फार क्वचित दिसतं. मालिका मला प्रिय आहे म्हणूनच हे लिहावंसं वाटलं.

रातराणी
यावर शंभर टक्के सहमत. आणि दारूबद्दलही बोलायला हवं. बिअरशिवाय डोकं चालत नाही, हे पहिल्या भागांत कौतुकाने येतं. शेवटच्या भागांत त्याचं शरीर त्याची वसुली करतं, मधुमेह, मग हृदय. आमच्या वॉर्डात अशी हुशार माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या घरच्यांना मीच फोन करते. मोर्सच्या बाबतीत फोन करायला घरचं कुणी नव्हतं.

उत्तरवारा
भारताचा अजून एक धागा. ब्रॉड स्ट्रीटच्या टोकाला, बॉडलीयन ग्रंथालयाच्या जवळ, इंडियन इन्स्टिट्यूटची जुनी इमारत आहे. संस्कृतचे पंडित मोनियर-विल्यम्स यांनी वर्गण्या जमवून उभी केलेली, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटची. छतावर वाऱ्याची दिशा दाखवायला कोंबड्याऐवजी हत्ती आहे, आणि आत दगडावर देवनागरीत संस्कृत श्लोक कोरलाय. आता तिथे भारतविद्येचं काम चालत नाही. मी रोज तिथून जायचो तेव्हा मान वर करून हत्तीचं तोंड कुठे आहे ते बघायचो. पश्चिमेकडे असलं की छत्री हवी.

पंचम
शेवटच्या भागाबद्दल लिहायचं मी टाळत होतो, पण रातराणीताईंनी हृदयाचा विषय काढला म्हणून.

मोर्स एकटाच एक्सेटर कॉलेजात येतो. चॅपलमधून फोरे या संगीतकाराच्या रेक्विएममधला (मृतांसाठीच्या प्रार्थनासंगीतातला) 'इन पॅराडिझम' ऐकू येतोय, मेलेल्याला देवदूत स्वर्गात घेऊन जावोत असं मागणं. आवाज मुलांचे, वर वर तरंगणारे. वाग्नरसारखा गडगडाट नाही, कुठे जोर नाही. आणि तो चौकात कोसळतो. रुग्णालयात वरिष्ठ अधिकारी स्ट्रेंजला म्हणतो, लुईसला माझे आभार सांगा. तेरा वर्षांत त्याने लुईसचे आभार किती वेळा मानले असतील? लुईस पोचतो तोवर उशीर झालेला. शवागारात तो कपाळावर ओठ टेकवतो आणि म्हणतो, 'गुडबाय, सर.' बाकी काही नाही, संगीतही जवळजवळ नाही.

माजघर
पंचम, तुमचं वाचून काल रात्री तो प्रसंग पुन्हा लावला. थांबवून थांबवून बघितला.

तो गवतावर पडतो. चौकातल्या त्या गवतावर. उत्तरवारा, त्या गवतावर पाय ठेवायचा नाही असा नियम असतो ना?

उत्तरवारा
हो ताई. बऱ्याच कॉलेजांत फक्त फेलोंनी, म्हणजे कॉलेजच्या प्राध्यापक मंडळींनी चालायचं. विद्यार्थ्यांनी, पाहुण्यांनी कडेच्या फरशीवरून जायचं. मी तीन वर्षांत एकदाही पाय ठेवला नाही.